एका पायावर तीस सेकंद

म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन "गेल्या महिन्यात तुम्ही पडलात का?" असं विचारणं, हे गेली काही वर्षं माझं काम आहे. दिल्ली आणि आसपासच्या शहरांतल्या वयस्कर माणसांची हाडं किती ठिसूळ झाली आहेत, ही माणसं कशामुळे पडतात आणि पडू नयेत म्हणून काय करता येईल, याचा अभ्यास आमची एक छोटी तुकडी करते. बहुतेक माणसं मुलांकडे राहायला आलेली असतात. दार मुलगा नाहीतर सून उघडते, चहा येतो, आजोबा सोफ्यावर ताठ बसतात. मी प्रश्न विचारला की ते आधी मुलाकडे बघतात आणि मग हसून मान हलवतात. सून मध्येच म्हणते, "बिल्कुल नहीं जी, पापाजी तो एकदम फिट हैं." मी 'नाही'च्या चौकटीत खूण करते. मग मी निघते, आजोबा रीतीप्रमाणे दारापर्यंत सोडायला येतात, मी बूट घालायला वाकते, आणि तेवढ्यात डोक्यावरून हळूच आवाज येतो, "वैसे, एक बार गिरा था मैं."

दारात माणसं खरं बोलतात. पाहुणा निघालेला असतो, घरचे आत वळलेले असतात, आता तो फार खोदून विचारणार नाही याची खात्री असते. हे लक्षात आल्यावर मी फॉर्ममधलं पडण्याबद्दलचं पान मुद्दाम शेवटी नेलं आणि आमच्या सगळ्यांना बजावलं, की हे पान सोफ्यावर बसून भरायचं नाही. दाराबाहेर, लिफ्टपाशी, उभ्याउभ्या भरायचं. या युक्तीचं ऑफिसात कौतुक झालं आणि मीही जरा हवेत गेले. पुढे त्याच पानाने मला जमिनीवर आणलं.

आई माझ्याकडे गुरुग्रामला आली ती वडील गेल्यावर. तेव्हा ती एकोणऐंशी वर्षांची होती. पुण्यातल्या मुलींच्या शाळेत तिने आयुष्यभर व्यायाम शिकवला. लेझीम, कवायत, मलखांबाचे प्राथमिक धडे, गळ्यात शिट्टी. अजूनही कुणी पोक काढून बसलेलं दिसलं की ती मागून येऊन बोटाने मणक्यावर टकटक करते. माझा नवरा मानेसरच्या कारखान्यातून कंपनीच्या बसने घरी येतो तेव्हा पार वाकलेला असतो, त्यालाही ती सोडत नाही. "खांदे मागे, जावईबापू," म्हणते, आणि तो मुकाट्याने खांदे मागे घेतो.

ती आल्यावर महिन्याभरात मी तिच्या हाडांची घनता तपासून घेतली. असे रिपोर्ट मी रोज बघते, लोकांना शांतपणे समजावून सांगते, घाबरायचं कारण नाही, फक्त काळजी घ्यायची. आईचा रिपोर्ट मी प्रयोगशाळेच्या पायरीवर उभी राहून वाचला. खुब्याचं हाड फारच विरळ झालं होतं. खुबा मोडल्यावर पुढे काय काय होऊ शकतं ते मला पाठ होतं. ऑपरेशन, अंथरूण, छातीत साठणारा कफ. ज्यांच्या कागदांवर मी 'पुढील भेट झाली नाही' असं लिहून फाइल बंद केली होती, ती सगळी माणसं मला त्या पायरीवर आठवली.

त्या दिवसापासून मी घरात कायदे करायला सुरुवात केली. गालिचा गुंडाळून ठेवला. पायपुसणी फेकून दिली. लोकरीचे मोजे बंद केले, कारण इथल्या थंडीत म्हातारी माणसं तेच घालून गुळगुळीत टाइल्सवर चालतात आणि सटकतात. वरच्या कप्प्यांना हात लावायचा नाही. घरात कुणी नसताना व्यायाम करायचा नाही. हवा खराब असेल त्या दिवशी खाली उतरायचं नाही. दिवाळीनंतर इथली हवा खराब नसते असा दिवस शोधावा लागतो, म्हणजे आईचं ऊनही बंद झालं. दुसऱ्यांच्या आईवडिलांना मी सांगत होते, ऊन घ्या, चाला, पायांत ताकद ठेवा, बसून राहाल तर लवकर पडाल. स्वतःच्या आईला मात्र मी खुर्चीत बसवून ठेवलं होतं. हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, पण भीती माझ्या डिग्रीपेक्षा मोठी होती.

शेवटचा कायदा म्हणजे कॅमेरा. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा आई एकटी असते, म्हणून मी हॉलमध्ये टीव्हीच्या वर भिंतीवर कॅमेरा लावून घेतला, असा की उघड्या दारातून तिची खोलीही दिसेल. आमच्या सोसायटीत बऱ्याच घरांत असे कॅमेरे आहेत, मुलं ऑफिसात बसून आईवडील बघतात.

"मी काय सराफाचं दुकान आहे का?" आई म्हणाली.

"तुझ्यासाठीच आहे गं."

"माझ्यासाठी नाही. तुझ्यासाठी आहे."

तेव्हापासून मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून मी तिला बघायची. ती चौकटीतून स्वयंपाकघराकडे गेली की परत येईपर्यंत माझं कुणाच्या बोलण्याकडे लक्ष नसायचं. एकदा ती कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिली, सावधान झाली आणि तिने कडक सलाम ठोकला. मी मेट्रोत होते. मला हसू आलं आणि मागोमाग रडूही आलं, शेजारच्या बाईने माझ्यापुढे पाण्याची बाटली धरली.

आईला मी आमच्या अभ्यासात घेतलं ती मात्र निव्वळ हौस होती. फॉर्मचं मराठी भाषांतर मी केलं होतं आणि ते मराठी घरांत वापरून बघायचं होतं. आमच्या मुख्य डॉक्टरबाई म्हणाल्या, चालेल, पण तिच्याकडे भेटीला तू जायचं नाहीस आणि तिचे कागदही तू बघायचे नाहीस. मी कबूल झाले. संमतीपत्रात 'माहिती गुप्त ठेवली जाईल' एवढंच मूळ वाक्य होतं. मी अनुभवाने त्यात भर घातली होती, 'ती तुमच्या मुलाबाळांनाही सांगितली जाणार नाही.' आईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि जेवताना मला विचारलं, "हे खरं आहे का?"

"अगदी खरं. मीच लिहिलंय ते," मी अभिमानाने म्हणाले.

आईकडे भेटीला यायची ती माझी सहकारी. परभणीकडची, बत्तीस वर्षांची मुलगी. कलेक्टर व्हायला म्हणून दिल्लीत आली, राजेंद्रनगरच्या एका कोंदट खोलीत सहा वर्षं अभ्यास केला, सगळे अटेम्प्ट संपले आणि गावी परत जायचा धीर होईना म्हणून आमच्याकडे नोकरीला लागली. कामाला चोख आहे, पण जगातल्या प्रत्येक गोष्टीकडे परीक्षा म्हणून बघायची सवय तिची अजून गेलेली नाही. आमच्या चाचण्यांत एक असते, आधाराशिवाय एका पायावर उभं राहायचं आणि सेकंद मोजायचे. तीस झाले की थांबायचं. पहिल्या भेटीत आईचे अकरा झाले.

हे मला आईनेच संध्याकाळी सांगितलं. मी कणीक मळत असताना ती माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"अकरा," ती म्हणाली. "फक्त अकरा. मी मुलींना पाच-पाच मिनिटं उभं केलंय एका पायावर."

"आई, ती परीक्षा नाहीये."

"तुझ्या त्या मुलीने सांगितलं, आज्जी, टेन्शन घेऊ नका, पुढच्या अटेम्प्टला नक्की होते."

आम्ही दोघी हसलो. मी तो विषय तिथेच विसरले.

आई येऊन दोन वर्षं होत आली होती. नोव्हेंबरात आमच्या मराठी मंडळाचा निरोप आला, संक्रांतीला पानिपतला बस जाणार. दरवर्षी जाते. काला अंबच्या स्मारकापाशी देशभरातून मराठी माणसं जमतात, डोकं टेकवतात, तिळगूळ वाटतात. आईला जायचंच होतं. "जन्मभर 'पानिपत झालं, पानिपत झालं' ऐकत आले," ती म्हणाली, "आणि आता ते दोन-अडीच तासांवर आहे." मी नाही म्हटलं. धुकं, गर्दी, बसच्या उंच पायऱ्या, दवाने ओलं झालेलं गवत, सगळी कारणं सांगितली. ती ऐकेना. वाद वाढला, आणि मी, जिला लोक फार समजूतदार समजतात, फटकन म्हणाले, "एका पायावर तीस सेकंद उभी राहून दाखव, मग खुशाल जा काला अंबला. नाहीतर तिथे जाऊन तुझंच पानिपत व्हायचं."

आई उठून आपल्या खोलीत गेली.

त्यानंतर डिसेंबरभर ती इतकी शहाण्यासारखी वागली की मी नवऱ्याला म्हणाले, बघ, पटलं शेवटी तिला. कॅमेऱ्यात ती खुर्चीत बसलेली दिसायची, मटार सोलताना, पेपर वाचताना. आंघोळीला मात्र वेळ लागायला लागला. अकरा वाजता आत गेली की बारा वाजत आले तरी बाहेर दिसायची नाही. विचारलं तर म्हणाली, "थंडी किती आहे! गरम पाण्याखाली बरं वाटतं." मला ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कागद संगणकात चढवणारी आमची सहकारी बहिणीच्या लग्नाला गेली आणि डिसेंबरच्या भेटींचा गठ्ठा माझ्या टेबलावर आला. कागदांवर नावं नसतात, फक्त क्रमांक. आईचा कागद वेगळा काढायला हवा होता, ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्यासुद्धा. मी एकेक पान चढवत होते. आठव्या की नवव्या कागदाच्या शेवटच्या पानावर परभणीच्या मुलीचं गोल अक्षर होतं.

कुठे पडलात? स्नानगृहात. किती वेळा? दोन. पडण्यापूर्वी काय करत होता? एका पायावर उभे राहण्याचा सराव. स्नानगृहात का? तिथे कॅमेरा नाही. स्वतः उठता आले का? पहिल्या वेळी हो, दुसऱ्या वेळी नळाला धरून. घरी कोणाला सांगितले का? नाही. का नाही? मुलगी घाबरते.

मी ते पान पालथं केलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसले.  ओली फरशी, संगमरवरी कट्टा, आतून लावलेली कडी, आणि माझी एक्याऐंशी वर्षांची आई एक पाय उचलून उभी. परीक्षा मी काढली होती. अट मी घातली होती. हॉलमध्ये कॅमेरा मी लावला होता, म्हणून ती घरातल्या सगळ्यांत धोक्याच्या जागी जाऊन सराव करत होती. इतकं नेमकं तर एखाद्या वैऱ्यालाही जमलं नसतं.

मी जिन्यात जाऊन परभणीच्या मुलीला फोन लावला.

"मॅडम, तो कागद तुम्ही बघायला नव्हता पाहिजे," ती पहिल्यांदा म्हणाली.

"माझी आई पडली आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्हीच शिकवलंत ना, लिफ्टपाशी सांगितलेलं लिफ्टपाशीच ऱ्हाते म्हणून." मग तिचा आवाज खाली आला. "त्याच दिवशी मी आज्जींना सोसायटीतल्या डॉक्टरकडे नेलं होतं. एक्स-रे पण काढला. हाड चांगलं आहे. आता आत करायचं नाही म्हणून शपथ पण घ्यायला लावली. मला काय कमी काळजी वाटायलीय का, मॅडम?"

मला तो दिवस आठवला. कॅमेऱ्यात दोघी शाली घेऊन बाहेर पडताना दिसल्या होत्या आणि मी फोन करून ओरडले होते, की आज हवा किती वाईट आहे ते बघितलंत का. आई म्हणाली होती, "जरा ऊन खाऊन येतो."

डॉक्टरबाईंना मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी तो कागद माझ्याकडून काढून घेतला आणि म्हणाल्या, मुलगी म्हणून घरात जे करायचं ते कर, पण कागदातलं एक अक्षर तोंडून काढू नकोस, ती तुझ्या वाक्यावर विश्वास ठेवून बोलली आहे. ते वाक्य मला त्या दिवशी खोडून टाकावंसं वाटलं.

मी आठवडाभर रजा घेतली. आईला सांगितलं, साठलेली रजा आहे, नाहीतर वाया जाईल. दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून बाथरूमच्या भिंतींना दोन दांडे बसवून घेतले आणि न घसरणारी जाड रबरी चटई टाकली. आईने दांडा हलवून बघितला.

"आत काय कुस्ती खेळायची आहे का मला?"

"सगळीकडे लावतात हल्ली," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मी नजर चुकवून भोकं पाडताना पडलेला चुरा गोळा करायला लागले.

आणि मग रोज अकरा वाजता मी बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहू लागले. आधी नळाचा आवाज यायचा. बादली भरायची. मग नळ बंद, तांब्याचे आवाज, मग तेही बंद. ती शांतता सुरू झाली की मी मोजायला लागायचे. एक, दोन, तीन. आत ती उभी आहे का नुसती साबण शोधते आहे हे मला कळायला मार्ग नव्हता. हाक मारली तर दचकून पडेल, न मारली तर पडल्यावरच कळेल. शपथ घेतली होती तिने, पण शपथ मोडायची झाली तर ती कुणाला विचारणार होती? कधी बारापर्यंत जायचे, कधी एकोणीसपर्यंत, मग तांब्या वाजायचा आणि मी श्वास सोडायचे. तिच्या आंघोळीने माझं अंग घामाने भिजायचं, तेही जानेवारीत.

गुरुवारी मी सतरापर्यंत पोचले होते आणि आत धप्पकन आवाज झाला.

"आई?" माझा हात दारावर होता.

 मग तिचा आवाज आला, नेहमीसारखा, "काही नाही गं. बादली लवंडली."

"नक्की?"

"अगं हो. पोळ्या कर जा तू, मी आलेच."

पाणी दाराखालून बाहेर आलं नव्हतं. हे मी पाहिलं होतं. तरीही मी गेले आणि पोळ्या केल्या. ती बऱ्याच वेळाने आली, केस नीट विंचरून, आणि खुर्चीत जरा सावकाश बसली.

रविवारी सकाळी नवरा भाजी आणायला गेला होता. बाहेर इतकं धुकं होतं की समोरची इमारत दिसत नव्हती. संक्रांत तीन दिवसांवर होती. पानिपतचं नाव त्या आठवड्यात आईने एकदाही काढलं नव्हतं. मी चहाचा कप ठेवला, स्वयंपाकघरातलं उंच स्टूल आणलं, टीव्हीपाशी ठेवलं आणि पेचकस घेऊन त्यावर चढले.

"खाली उतर!" आईचा शाळेच्या मैदानावरचा आवाज आला. "स्टुलावर चढायचं नाही असा नियम आहे ना या घरात?"

"दोन मिनिटं. कॅमेरा काढतेय."

ती येऊन स्टुलाचे पाय धरून उभी राहिली. मी वरून बघितलं, तिचा भांग दिसत होता, पांढरा आणि सरळ. मी पडले असते तर तिच्यावरच पडले असते.

"बिघडला का?" तिने विचारलं.

बिघडला असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. तोंडून निघालं ते वेगळंच. "मला नकोसा झालाय तो. बघून बघून मी म्हातारी व्हायला लागले."

शेवटचा स्क्रू सुटला. मी खाली उतरले आणि कॅमेरा ड्रॉवरमध्ये टाकला. आई त्या भिंतीवरच्या दोन भोकांकडे बघत होती. मग ती जेवणाच्या टेबलापाशी गेली, कडेला एक बोट टेकवलं, पदर खोचला आणि म्हणाली, "ये. मोज."

मी जवळ जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिले. तिने डावा पाय उचलला आणि बोट टेबलावरून काढलं.

"हात मागे घे," ती समोर बघत म्हणाली. "असं धरून ठेवलं की मुली कधीच शिकत नाहीत."

मी हात पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट अडकवले. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलेलं नाही. सात, आठ, नऊ. तिचा घोटा थरथरत होता. बारा, तेरा. चौदाला ती डुलली, तिने टेबल पकडलं आणि पाय खाली टेकला.

"चौदा." ती खुर्चीत बसली. "आत एकवीसपर्यंत गेले होते."

"आत?" मी म्हणाले. मला नाटक करता येत नाही.

"बाथरूममध्ये. तुझ्या नजरेआड." तिने पदर सोडला आणि मांडीवर सारखा केला. "तीनदा पडले."

कागदावर दोन होते. "तीनदा?" माझ्या तोंडून निसटलं.

आई माझ्याकडे बघत राहिली. मी काय केलं आहे ते तिला त्या क्षणी कळलं असावं, पण ती त्याबद्दल काही बोलली नाही, आजवर बोललेली नाही.

"दोन त्या मुलीला सांगितले होते," ती म्हणाली. "तिसरं कुणालाच नाही. गुरुवारचं. बादली लवंडली म्हटलं ना तुला."

मी खाली बसले, तिथेच, टाइल्सवर.

"मला उठता येईना," ती सांगत होती. "दाराखालच्या फटीतून तुझी पावलं दिसत होती. हाक मारावीशी वाटली. मग वाटलं, ही एकदा आत आली की परत बाहेर जायची नाही. नोकरी सोडेल, इथेच बसेल माझ्याकडे बघत."

"मग उठलीस कशी?"

"तू लावलेला दांडा धरून. तुझ्या पोळ्या होईपर्यंत वेळ लागला."

मला रडू फुटलं. मी पोळ्या लाटत होते तेव्हा, पीठ कमी भिजवलंय म्हणून स्वतःवर चिडत होते तेव्हा, ती पलीकडे ओल्या फरशीवर पडली होती. बादली लवंडली यावर मी विश्वास ठेवला, कारण दार उघडायला लावून बघायची माझी हिंमत नव्हती. घाबरट माणसं अशीच असतात. चोवीस तास पहारा देतात आणि नेमक्या वेळी तोंड फिरवतात.

"लागलं कुठे?" मी विचारलं.

तिने साडी जरा सरकवून दाखवलं. उजव्या खुब्यावर तळहाताएवढा काळानिळा डाग होता, कडेने पिवळा पडत चाललेला. ती चालत होती, पायावर भार देत होती, म्हणजे मोडलेलं नसावं, हे मी मनाशी तीन-चारदा घोकलं.

"आधी एक्स-रे," मी डोळे पुसून म्हणाले. "आत्ता. आणि आजपासून सराव करायचा तो इथे, या टेबलापाशी, कुणी घरात असताना. बाथरूममध्ये नाही."

"आणि पानिपत?"

"हाड शाबूत निघालं तर जाऊ. दोघी जाऊ."

"चौदाच झाले, तरी?"

"ती अट मूर्खपणाची होती, आई. मी घाबरून बोलले होते."

ती "हं" म्हणाली. ते क्षमा केल्याचं होतं की नाही, मला कळलं नाही.

आम्ही शाली घेतल्या, मी पुढे जाऊन लिफ्टचं बटण दाबून आले. दारात आल्यावर मी तिच्यासाठी बसायला स्टूल ओढलं, बूट घालताना बसायचं हाही माझाच कायदा. तिने ते पायाने बाजूला सारलं. एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, सगळा भार टाकून, आणि दुखरा पाय उचलून बुटात घालायला लागली. बूट घट्ट होता, टाच आत जाईना. तिची बोटं माझ्या खांद्यात रुतत होती आणि माझे ओठ आपोआप हलायला लागले होते. चार, पाच, सहा.

"मोजू नकोस," आई म्हणाली. "नुसती उभी राहा."

मी उभी राहिले.